साडेतीनची प्रत

त्या वर्षी आमच्या न्यूज सर्व्हरला
एका वेळी चाळीसच माणसं झेपत.
एक्केचाळिसावं आलं की तो गप्प,
आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा:
"बिडवईजी, मर गया क्या आपका डिब्बा?"

मेला नव्हता. दारात गर्दी होती.
आणि गर्दी तरी कसली!
रसायनवाले तीन प्राध्यापक
कडीला हात लावून चहाला गेलेले,
होस्टेलची पोरं एकच धावफलक
अकरा खोल्यांतून अकरा वेळा मागणारी.

मग मी प्रत्येक इमारतीत एक मधला बसवला.
भंगारातलं यंत्र, एका बाजूचा पत्रा गायब.
खालच्यांनी यालाच विचारायचं,
यानं वर एकदाच जायचं,
आणलेलं खणात ठेवायचं
आणि पुढच्याला खणातून काढून द्यायचं.
पहिल्याला थांबावं लागे. बाकीच्यांना आयतं.

खणातलं किती वेळ ताजं समजायचं
तो आकडा मीच टाकला: तीस मिनिटं.
का तीस? काही नाही. बोटं तिथं पडली.

चाळिसातले सहा-सातच दरवाजे आता वापरात.
पंख्याचा आवाज बदलला, खोली गार झाली.
तिवारी साहेबांनी मुरैन्याची गजक मागवली,
मला डबा अख्खा देऊन टाकला.

त्याच थंडीत गंगाधरमामाला
जयारोग्यमध्ये ठेवलं. धुकं असं
की कंपूचा रस्ता समोरून दिसेना.
वॉर्डाचा पास एक. जिन्यावर माणसं तेवीस.
जो तो दार ढकलून विचारी,
आणि सिस्टर अन्नम्मा दर वेळी
सुई बाजूला ठेवून उत्तर देई.

मीच म्हटलं, सगळ्यांनी मला विचारा.
अर्ध्या तासानं मी एकटा आत जाईन.
मामी म्हणाली, शहाणा आहेस.
लोक शालींत शिरले. जिना शांत झाला.
आत अन्नम्माला दोन घोट चहा मिळाला असावा.

साडेतीनला आत गेलो:
झोपलेत. ताप एकशे एक. उतरतोय.
बाहेर येऊन तेवढंच वाटलं,
प्रत्येकाला थोडं थोडं, न बदलता.

पावणेचारनंतर फाटकावरच्या पीसीओतला पोरगा
मफलर सावरत वर आला: "भोपाल से!"
शालन. त्यांची धाकटी.
मी रिसीव्हर कानाला लावला, आणि खणातून काढून दिलं:
झोपलेत. ताप एकशे एक. उतरतोय.
इनकमिंगचे दोन रुपये मोजले.

चारला आत गेलो तर पडदा ओढलेला.
अन्नम्मा म्हणाली, बीस मिनट हुआ,
बाहर कोई पूछने नहीं आया,
मैं समझी आप लोग सो गए.

वीस मिनिटं.
म्हणजे मी जिन्यावर बसून
कुणाला तरी उतरतोय म्हणत असताना.
म्हणजे त्या दोन रुपयांच्याही आधी.
दिलेलं खोटं नव्हतं. साडेतीनचं होतं.
पण त्यावर वेळ लिहिलेली नव्हती,
आणि मीही सांगितली नाही.

तेराव्यानंतर कामावर गेलो.
पहिलं काम, तीसचे पाच केले.
पुन्हा वीसेक दरवाजे खडखडू लागले,
पंखा घरघरायला लागला.
साहेब म्हणाले, चल तो रहा था, क्यों छेड़ा?
गजकेचा डबा अजून खणात होता, नरम पडलेला.
मी म्हटलं, देखता हूँ, आणि काहीच पाहिलं नाही.

शालनला सगळं सांगितलं, उन्हाळ्यात,
ती माहेरी आली तेव्हा. मिनिटांसकट.
ती आंब्याच्या फोडी करत होती.
म्हणाली, तुझा फोन सहाला आला ना?
त्याआधीचे दोन तास मी झोपले, दादा.
त्या महिन्यातली तेवढीच झोप.

मग सुरी धुऊन तिनं विचारलं,
पाच आहेत का अजून? का परत तीस केलेस?